जुन्या ८ मिमी प्रोजेक्टरवरून फिल्मचे डिजिटल रूपांतर : यंत्रात काय बदलावे, काय जपावे?

तुकोगंजवासी (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या इंदूरच्या घरी थोरल्या काकांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत चित्रित केलेली ८ मिमी फिल्मची बरीच रिळे आहेत. ती दाखवण्यासाठी ते वापरत असलेला ऑस्ट्रियन बनावटीचा युमिग पी-८ हा प्रोजेक्टरही घरात आहे. रिळांमध्ये घरातली लग्नकार्ये आणि मुंजी आहेतच, पण त्यांच्या जोडीला शहराचेही पुष्कळ चित्रण आहे. त्यात रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आहे, अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) आहेत आणि १९८४ च्या जाळपोळीपूर्वीचा राजवाडा आहे. राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी वरचे चार लाकडी होते आणि त्या आगीत मोठी हानी झाली, हे इंदूरकरांना सांगायला नको. त्यामुळे ही रिळे केवळ आमच्या घरापुरती आहेत असे मला वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी यातली दोन-तीन रिळे आम्ही एका स्टुडिओकडे दिली होती. त्यांनी ती भिंतीवर दाखवून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपली. हाती आलेल्या चित्रात सतत लुकलुक आहे, मधला भाग पांढरा पडलेला आहे आणि कडा काळ्या आहेत. म्हणून आता याच प्रोजेक्टरमध्ये फेरफार करून एकेक फ्रेम स्वतंत्रपणे टिपावी असा विचार आहे. दिवा, मोटर आणि कॅमेरा यांचे काय करावे, आणि काकांच्या यंत्राला कायमची इजा न करता हे साधेल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

यंत्रप्रेमी

आधी ती लुकलुक कशामुळे आली ते पाहू, कारण यंत्रात काय बदलायचे हे त्यावरूनच ठरते. मूक ८ मिमी फिल्म साधारणपणे सेकंदाला १६ फ्रेम या गतीने चालते. एवढ्या कमी गतीला डोळ्यांना लुकलुक जाणवू नये म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला, म्हणजे उजेड झाकणाऱ्या फिरत्या चकतीला, तीन पाती असतात आणि प्रत्येक फ्रेम पडद्यावर तीनदा उजळते. म्हणजे सेकंदाला ४८ उजेडाचे ठोके होतात, तर व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेतो. या दोहोंचा ताल जुळत नाही, म्हणून चित्र फिकट-गडद होत राहते. पूर्वी काही जण प्रोजेक्टरची गती नेमकी १६⅔ फ्रेमवर आणत. तीन पात्यांनी सेकंदाला बरोबर ५० ठोके होत आणि लुकलुक थांबे. तरीही एका व्हिडिओ चित्रात दोन फ्रेम मिसळण्याचा दोष उरतोच, आणि भिंतीवरून टिपताना जो तपशील हरवतो तो परत येत नाही.

एकेक फ्रेम टिपायची असेल तर पडदा, भिंत आणि प्रोजेक्टरची लेन्स यांची गरजच राहत नाही. कॅमेरा थेट गेटमधल्या फिल्मकडे पाहतो. तुमच्या यंत्रातील खरी मोलाची वस्तू म्हणजे फिल्म खाली ओढणारा पंजा, फिल्म सपाट धरणारे गेट आणि त्यामागची दाबपट्टी. एवढ्या अचूकतेची गोष्ट आज घरी बनवणे फार कठीण आहे. ती जपावी. दिवा, मूळ मोटर आणि शटरची पाती मात्र काढावीच लागतील.

दिव्याबाबत तडजोड करू नये. या यंत्रातला १२ व्होल्ट, १०० वॅटचा दिवा फिल्म वेगाने पुढे सरकत राहील असे गृहीत धरून बसवलेला आहे. सेकंदाला एक फ्रेम या गतीने फिल्म त्याच्यासमोर थांबली तर ती वितळेल.

शटरची पाती काढल्यावर पंजा फिल्म ओढत असतानाही उजेड चालू राहतो. मात्र कॅमेरा त्या क्षणी उघडा नसल्यामुळे काही बिघडत नाही.

फिल्मसंग्रहक

यंत्र उघडण्याआधी फिल्म तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यंत्र दुसरे मिळू शकते, पण ही रिळे रिव्हर्सल फिल्मची असणार, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच पडद्यावर दाखवली जाते. तिची निगेटिव्ह अस्तित्वात नसते आणि दुसरी प्रतही नसते.

पहिली गोष्ट म्हणजे फिल्म साधी ८ मिमी आहे की सुपर ८ आहे ते पाहा. कोडॅकने साधी ८ मिमी फिल्म १९३२ साली आणली आणि सुपर ८ आणली १९६५ साली. दोन्हींची रुंदी सारखीच असली तरी साध्या ८ ची छिद्रे मोठी असून दोन फ्रेमच्या सीमेवर येतात, तर सुपर ८ ची छिद्रे बारीक असून फ्रेमच्या मध्याशी येतात. पी-८ हे साध्या ८ चे यंत्र आहे. १९७० च्या दशकातली रिळे सुपर ८ ची असण्याची शक्यता बरीच आहे आणि ती या यंत्रात घालू नयेत, कारण पंजा चुकीच्या जागी घुसून फिल्म फाडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे डबा उघडून वास घ्या. अ‍ॅसिटेटची फिल्म सडू लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्याबरोबर ती आक्रसते. आक्रसलेल्या फिल्मची छिद्रे पंजाच्या मापाशी जुळत नाहीत आणि प्रत्येक ओढीला छिद्राची कड थोडी थोडी फाटत जाते. आक्रस मोजायला महागडे उपकरण लागत नाही. साध्या ८ मिमीच्या ताज्या फिल्मवर एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंतचे अंतर ३.८१ मिलिमीटर असते, म्हणून १०० फ्रेमची लांबी ३८१ मिलिमीटर भरली पाहिजे. चांगली पोलादी पट्टी टेबलावर चिकटवून ठेवा, हातात सुती मोजे घाला आणि फिल्म ताण न देता तिच्याशेजारी पसरवा. पहिल्या छिद्राची वरची कड शून्यावर ठेवून १०० फ्रेम पुढच्या छिद्राची वरची कड कुठे येते ते भिंगातून वाचा. ३७९ च्या वर असेल तर चिंता नको. ३७७ च्या आसपास आली तर आक्रस १ टक्क्याच्या घरात गेला आहे, आणि अशी फिल्म पंजाच्या यंत्रात घालू नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

तिसरी गोष्ट सांधे. फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवण्याच्या द्रावाने) जोडलेले जुने सांधे वाळून सुटतात. यंत्रात घालण्यापूर्वी रीळ हाताने गुंडाळताना प्रत्येक सांधा बोटांत हलकेच वाकवून पाहावा आणि कच्चा वाटला तर नव्याने जोडून घ्यावा.

एका बाबतीत मात्र निर्धास्त राहा. ८ मिमी फिल्म नायट्रेटवर कधीच निघाली नाही, त्यामुळे ती आपोआप पेट घेण्याची भीती नाही.

तुकोगंजवासी

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व डबे उघडून पाहिले. बहुतेक रिळे साध्या ८ ची आहेत. सुपर ८ ची जी थोडी निघाली ती बाजूला ठेवली आहेत. बहुतेकांची १०० फ्रेमची लांबी ३८० मिलिमीटरच्या आसपास भरते. मात्र माळ्यावर राहिलेल्या एका डब्याचे झाकण काढताच आंबट वास आला. त्या रिळाची लांबी ३७६ ते ३७७ च्या दरम्यान आहे आणि फिल्मच्या कडा लाटांसारख्या वर-खाली झाल्या आहेत. दुर्दैवाने डब्यावरच्या चिठ्ठीनुसार राजवाडा त्याच रिळात आहे.

फिल्मसंग्रहक

ते रीळ आजच इतर रिळांपासून वेगळ्या खोलीत ठेवा, कारण त्याच्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या रिळांनाही बाधते. डबा घट्ट बंद ठेवू नका. आम्ल आतच कोंडले तर सडण्याचा वेग वाढतो. रूपांतराच्या दृष्टीने सर्वांत आधी क्रमांक याच रिळाचा लागतो, पण ते तुमच्या यंत्रावर होणार नाही. त्याविषयी शेवटी लिहितो.

बडोदेकर

मी वडोदऱ्याला राहतो आणि अशाच यंत्रावर काम केले आहे. उजेड आणि कॅमेरा यांविषयी थोडे लिहितो.

मूळ दिव्याच्या जागी ३ ते ५ वॅटचा पांढरा एलईडी पुरतो. त्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) ९५ किंवा त्याहून अधिक असावा, कारण स्वस्त एलईडीच्या वर्णपटात लाल रंग तोकडा पडतो आणि मग साड्यांचे व गुलालाचे रंग संगणकावर कितीही फिरवले तरी जागेवर येत नाहीत. एलईडीला स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर लावा. पीडब्ल्यूएमने, म्हणजे दिवा अतिवेगाने चालू-बंद करून, उजेड कमी-जास्त करणारा ड्रायव्हर घेतला तर इलेक्ट्रॉनिक शटरच्या चित्रात आडवे पट्टे उमटतात. एलईडी आणि फिल्म यांच्यामध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवा. पसरलेल्या उजेडात फिल्मवरचे बारीक ओरखडे बरेच बुजतात. प्रोजेक्टरच्या मूळ कंडेन्सरमधून (उजेड एकवटणाऱ्या भिंगांतून) येणाऱ्या सरळ उजेडात तेच ओरखडे काळ्या रेघा होऊन दिसतात, म्हणून कंडेन्सर काढून नीट जपून ठेवा.

आता कॅमेरा. साध्या ८ ची फ्रेम सुमारे ४.८ बाय ३.५ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीएवढी असते. एपीएस-सी (अनेक डिजिटल कॅमेऱ्यांत असणाऱ्या मापाच्या) सेन्सरची उंची १५.६ मिलिमीटर धरली तर फ्रेम पूर्ण भरण्यासाठी चारपटीहून अधिक मोठेपणा लागतो. नेहमीची मॅक्रो लेन्स १:१ पर्यंतच जाते. तिच्यावर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फ्रेमची रुंदी जेमतेम १,२०० पिक्सेल येते. म्हणून कॅमेऱ्याला बेलोज (लांब-आखूड होणारा भाता) लावून त्याच्या टोकाला ५० मिमीची एन्लार्जर लेन्स (डार्करूममध्ये फोटो मोठे करण्याची लेन्स) उलटी बसवतात. डार्करूम बंद झाल्यापासून अशा लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि त्यांची गुणवत्ता उत्तम असते. अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र; आकडा जितका मोठा तितके ते बारीक) मात्र फार बंद करू नये. ५.६ वर ठेवलेली लेन्स चारपट मोठेपणाला प्रत्यक्षात २८ सारखी वागते आणि चित्र मऊ पडते.

मी स्वतः रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा पसंत करतो. त्यातील आयएमएक्स४७७ सेन्सर सुमारे ६.३ बाय ४.७ मिलिमीटरचा आहे, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा थोडाच मोठा. त्यामुळे १:१ च्या किंचित वर मोठेपणा पुरतो. त्यात यांत्रिक शटर नसल्यामुळे झिजण्याचा प्रश्नही नाही. ५० फुटांच्या एका रिळात साध्या ८ च्या ४,००० फ्रेम असतात, त्या हिशेबाने २५ रिळांचे १ लाख ठोके होतात. अनेक साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या शटरचे अपेक्षित आयुष्य तेवढेच असते.

यंत्रप्रेमी

बडोदेकरांच्या मताशी उजेडाबाबत पूर्ण सहमत आहे. कॅमेऱ्याबाबत एवढेच सुचवतो की ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक शटर असलेला मिररलेस कॅमेरा आधीपासून आहे, त्यांनी तो वापरावा. मोठ्या सेन्सरवर गडद फ्रेममधला तपशील अधिक चांगला निघतो आणि धागाकर्त्यांच्या रिळांत रात्रीच्या झांक्या आहेत.

आता मोटर. प्रथम यंत्रातली २३० व्होल्टची सर्व जोडणी काढून टाका. इतक्या जुन्या तारांच्या आवरणाचा भरवसा धरू नये. त्या जागी नेमा-१७ आकाराची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर), तिचा ड्रायव्हर, एक अर्डुइनो (छोटे नियंत्रक बोर्ड) आणि १२ व्होल्टचा वीजपुरवठा बसवा. हे सामान इंदुरात जेल रोड आणि महाराणी रोडच्या दुकानांतून शोधता येईल. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरमध्ये शटरची दंडी एका फेऱ्यात एक फ्रेम पुढे सरकवते, पण तुमच्या यंत्रात तसेच आहे का हे हाताने फिरवून खात्री करून घ्या. तसे असेल तर २०० पावलांच्या स्टेपरचा एक फेरा म्हणजे एक फ्रेम. मोटर आणि दंडी यांच्यात दातेरी पट्टा वापरा, कारण गोल रबरी पट्टा घसरतो. दंडीच्या मापाची पुली मिळाली नाही तर सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत खराद (लेथ) चालवणारा कारागीर ती करून देईल. जुन्या दंडीचे माप व्हर्नियरने घेऊन जा.

पट्टा दातेरी असला तरी केवळ पावले मोजण्यावर विसंबू नये. शटरच्या दंडीवर छोटे चुंबक चिकटवून समोर हॉल सेन्सर (चुंबक जवळ आले की संकेत देणारा) बसवावा. या चुंबकाची जागा ठरवणे हा सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. निरुपयोगी फिल्मचा तुकडा गेटमध्ये घाला, बाजूने बॅटरीचा उजेड टाका आणि दंडी बोटाने अगदी सावकाश फिरवा. पंजाचे टोक छिद्रात शिरताना दिसेल, मग फिल्म खाली येईल, मग पंजा मागे सरकून छिद्राबाहेर पडेल. तो बाहेर पडून फिल्म निवांत झाल्यानंतर, पुढची ओढ सुरू होण्यास भरपूर अवकाश असताना, चुंबक सेन्सरसमोर आले पाहिजे. त्या जागी मोटर क्षणभर थांबवा, कंप निवू द्या आणि मग ऑप्टोकपलरमार्फत (उजेडाने संकेत पोहोचवणाऱ्या भागामार्फत) कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटला संकेत द्या. ऑप्टोकपलरमुळे कॅमेरा आणि मोटर यांचे विद्युतमंडल वेगळे राहते आणि कॅमेरा सुरक्षित राहतो.

सेकंदाला एक फ्रेम धरली तर एका रिळाला सव्वा तासाच्या आतच वेळ लागतो. घाई करून काही मिळवायचे नाही.

गेटची खिडकी मात्र चारही बाजूंनी थोडी मोठी करावी लागेल. चित्रीकरणाच्या वेळी मूळ कॅमेऱ्याने फिल्मवर टिपलेला भाग प्रोजेक्टरच्या खिडकीपेक्षा मोठा असतो. शिवाय छिद्र चित्रात दिसले तर त्याच्या कडेच्या आधारे संगणकावर प्रत्येक फ्रेम जागच्या जागी बसवता येते.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहीत आहे. गेट कानशीने घासण्यास माझा ठाम विरोध आहे. दिवा, मोटर, पाती हे सर्व पुन्हा जागेवर बसवता येते, पण घासलेले गेट पूर्ववत होत नाही. काकांनी जपलेले चालू यंत्र आपण बिघडवू नये.

यंत्रप्रेमी

आपला मुद्दा रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. यावर उपाय म्हणजे त्याच मॉडेलचे बंद पडलेले यंत्र सुट्या भागांसाठी मिळवणे. ही यंत्रे मोठ्या संख्येने बनली होती आणि दिवा किंवा मोटर गेलेली भंगाराच्या भावात मिळतात. त्यातले गेट घासावे आणि मूळ गेट पिशवीत घालून नाव लिहून ठेवावे. घासल्यानंतर कडांवर राहिलेली धातूची कूस बाराशे नंबरच्या पॉलिश कागदाने पूर्ण काढली पाहिजे. बोटाला न जाणवणारी कूसदेखील फिल्मवर टोकापासून टोकापर्यंत रेघ ओढते. काम संपल्यावर गेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि नको असलेली फिल्म पूर्ण चालवून ती भिंगाखाली तपासावी. तिच्यावर नवा ओरखडा दिसत नाही याची खात्री होईपर्यंत खरे रीळ यंत्राजवळ आणू नये.

तुकोगंजवासी

आपणा सर्वांच्या सल्ल्याने काम पुढे सरकले आहे. सुट्या भागांसाठी दुसरे यंत्र मिळाले, त्याचे गेट मोठे करून घेतले आणि काकांचे गेट मूळ पात्यांसह जपून ठेवले. नको असलेल्या फिल्मवर चाचण्या झाल्यानंतर रंगपंचमीचे रीळ चालवले. निकाल पाहून घरातले सर्व थक्क झाले. स्टुडिओच्या चित्रात जो नुसता गुलाबी ढग दिसत होता, त्यात आता पिंपाशेजारी उभ्या माणसाच्या सदऱ्याची बटणे आणि मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरे वाचता येतात. कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे लाल आणि पिवळे रंग इतक्या वर्षांनंतरही ताजे आहेत.

दोन अडचणी उरल्या आहेत. झांक्यांच्या रिळात दिव्यांच्या माळा पांढऱ्याफटक येतात आणि उरलेले सगळे काळे राहते. आणि या सगळ्या चित्रांची मूळ प्रत कोणत्या स्वरूपात ठेवावी हे कळत नाही.

बडोदेकर

झांक्यांसाठी प्रत्येक फ्रेमची दोन चित्रे घ्या. एक दिव्यांसाठी कमी उघडीप देऊन, दुसरे अंधारासाठी दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अधिक देऊन, आणि नंतर ती संगणकावर जुळवा. फिल्म थांबलेली असल्यामुळे दोन्ही चित्रे तंतोतंत एकमेकांवर बसतात. सलग चालणाऱ्या यंत्रावर हे शक्य झाले नसते. कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मात्र पूर्ण बंद ठेवा, नाहीतर नवी लुकलुक आपणच निर्माण करू.

साठवणीसाठी मूळ रॉ फाइली (सेन्सरवरून आलेली प्रक्रिया न केलेली चित्रे) ठेवणे उत्तम. १२ मेगापिक्सेलची १२ बिटची फाइल सुमारे १८ मेगाबाइटची होते, म्हणजे एका रिळाला ७० गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. तेवढी जागा नसेल तर एफएफमपेग या सॉफ्टवेअरने एफएफव्ही१ या व्हिडिओ स्वरूपात बांधून ठेवा. त्यात चित्राची काहीही हानी होत नाही. मूळ प्रतीत फ्रेमची गती १६ च ठेवा, मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या तयार करू नका आणि फिल्मचे दाणे पुसू नका. नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत हवे ते करावे.

फिल्मसंग्रहक

आता राजवाड्याच्या रिळाविषयी. १ टक्क्याहून अधिक आक्रसलेल्या आणि कडा लाटल्या गेलेल्या फिल्मला पंजा नसलेले यंत्र लागते. अशा स्कॅनरमध्ये फिल्म रबरी रोलरवरून सरकते, दातेरी चाक वा पंजा छिद्राला स्पर्शच करत नाही, आणि छिद्राची जागा कॅमेरा पाहून ठरवतो. असे यंत्र असलेल्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडेच ते द्यावे. देण्यापूर्वी त्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत. तुमच्या यंत्रात दातेरी चाक किंवा पंजा आहे का, ८ मिमीचे स्वतंत्र गेट आहे का, आणि प्रत्येक फ्रेमची असंकुचित (कॉम्प्रेस न केलेली) फाइल देणार का? भिंतीवर दाखवून टिपणाऱ्यांच्या हाती ते पुन्हा पडू नये.

तोपर्यंत रीळ घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, पुठ्ठ्याच्या हवेशीर खोक्यात आडवे ठेवा. माळ्यावर मुळीच नको. मे महिन्यातली पत्र्याखालची उष्णता आणि त्यामागून येणारा पावसाळ्याचा दमटपणा यांनी त्याची ही अवस्था केली आहे. एकदा सुरू झालेली ही सडण फिल्ममधल्याच आम्लाने वाढत जाते, म्हणून पावसाळ्याच्या आत ते पाठवावे.

तुकोगंजवासी

तिन्ही प्रश्न लिहून दोन प्रयोगशाळांना पाठवले आहेत. एकीने आपल्या यंत्रात पंजा असल्याचे प्रामाणिकपणे कळवले, त्यामुळे तिचा विचार सोडला. दुसरीकडे रोलरचे यंत्र आणि ८ मिमीचे गेट दोन्ही आहे व ती प्रयोगशाळा फ्रेमनिहाय फाइली देण्यास तयार आहे. कुरिअरवर न सोपवता माझा भाऊ ते रीळ स्वतः घेऊन जाणार आहे. सुपर ८ ची रिळे याच यंत्रणेवर करायची असल्यास मोटर आणि उजेड तसाच ठेवून केवळ दुसऱ्या प्रोजेक्टरचा पंजा व गेट जोडता येईल का, हा माझा पुढचा प्रश्न आहे. सुपर ८ वर दोन छिद्रांतील अंतर वेगळे असल्याचे वाचले आहे.

यंत्रप्रेमी

होय, ते ४.२३ मिलिमीटर असते, म्हणून पी-८ चा पंजा चालणार नाही. सुपर ८ चे वेगळे यंत्र घ्या. मोटर, ड्रायव्हर, सेन्सर आणि एलईडी एका लाकडी पाटावर बसवून ठेवले तर दोन्ही यंत्रांना आळीपाळीने वापरता येतील. चुंबकाची जागा मात्र नव्या यंत्रावर पुन्हा पहिल्यापासून ठरवावी लागेल, कारण प्रत्येक बनावटीत पंजा छिद्राबाहेर पडण्याचा क्षण वेगळा असतो. यंत्र घेताना ते साधे ८ आणि सुपर ८ दोन्ही चालवणारे असले तर गेट आणि दातेरी चाके बदलण्याचा खटका तपासून घ्या. वापर नसल्याने तो अडकलेला असतो, आणि जोर लावल्यास तुटतो.